सहावीपासून स्वीडिश : फिनलंडमधल्या एका जुन्या वादाचा आढावा

फिनलंडमधल्या फिनिश माध्यमाच्या शाळेत सहावीच्या वेळापत्रकात एक नवा विषय येतो, स्वीडिश. आठवड्याला साधारण दोन तासिका. बहुतेक मुलं इंग्रजी त्याआधीपासूनच शिकत असतात, त्यामुळे परक्या भाषेचं दडपण मोडलेलं असतं. पण इंग्रजी घरच्यांनी निवडलेली असते, स्वीडिश कुणी निवडलेली नसते. सहावी ते नववी या चार वर्षांत मिळून स्वीडिशला किमान सहा ‘वार्षिक साप्ताहिक तास’ द्यायचे, असं राष्ट्रीय पातळीवर ठरलेलं आहे. तिथल्या हिशेबात असा एक तास म्हणजे वर्षभरातल्या 38 तासिका. गुणाकार केला की 228 तासिका होतात. तासिका 45 मिनिटांची धरली, तर भरतात 171 तास. एवढ्याशा वेळावरून त्या देशात गेली पन्नासएक वर्षं वाद चालू आहे. संसदेत त्यावर मतदान झालं आहे, पक्षांच्या जाहीरनाम्यांत त्याला जागा मिळते, आणि विरोधकांनी रूढ केलेला ‘पक्कोरुओत्सी’, म्हणजे ‘सक्तीची स्वीडिश’, हा शब्द आता वर्तमानपत्रांनाही परका राहिलेला नाही.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे 56 लाख. त्यातल्या साधारण 85 टक्के लोकांची नोंदलेली मातृभाषा फिनिश आहे आणि जेमतेम पाच टक्क्यांची स्वीडिश. तरीही संविधानात दोन्हींचा दर्जा सारखा आहे, दोन्ही ‘राष्ट्रीय भाषा’. इतक्या विषम आकड्यांच्या देशात प्रत्येक मुलाने दुसरी राष्ट्रीय भाषा शिकावी का, हा प्रश्न कुठून आला, त्यावर कोण काय म्हणतं आणि तो कुठे अडला आहे, हे इथे मांडायचं आहे.

दोन भाषा कशा आल्या

मध्ययुगापासून 1809 पर्यंत आजचा फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. कचेरी, न्यायालय, विद्यापीठ यांचा कारभार स्वीडिशमध्ये चाले आणि बहुसंख्य शेतकरी फिनिश बोलत. स्वीडिश म्हणजे सरदार-व्यापाऱ्यांची भाषा, हे समीकरण मात्र अर्धंच खरं आहे. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्वीडिश बोलणारे कोळी आणि छोटे शेतकरीही होते, आजही आहेत. वादात दोन्ही बाजूंना हा तपशील सोयीप्रमाणे आठवतो किंवा विसरतो.

1809 मध्ये रशियाने हा मुलुख जिंकला. राज्यकर्ते बदलले, पण कारभाराची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिशला वर आणण्याची चळवळ उभी राहिली ती याच काळात. तिचे अध्वर्यू योहान विल्हेल्म स्नेलमान यांचा जन्म स्टॉकहोमचा आणि लेखन बरंचसं स्वीडिशमधलं. शिकलेल्या वर्गाने स्वतःहून फिनिश स्वीकारली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1858 मध्ये युवास्क्युला गावात फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली. 1863 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने फर्मान काढलं की फिनिशभाषक जनतेशी संबंध येणाऱ्या कामांत वीस वर्षांच्या आत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने आणावं. मग घराघरांत बदल सुरू झाला. स्नेलमान यांच्या जन्मशताब्दीला, 12 मे 1906 रोजी, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश आडनावं घेतली. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यावरच्या चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार आक्सेली गालेन हे पुढच्याच वर्षी गालेन-काल्लेला झाले.

स्वातंत्र्य 1917 मध्ये मिळालं आणि 1919 च्या संविधानाने दोन्ही भाषा राष्ट्रीय ठरवल्या. 1922 मध्ये भाषा कायदा झाला. पण भांडण मिटलं नाही. 1920 आणि 30 च्या दशकांत हेलसिंकी विद्यापीठ कोणत्या भाषेत चालावं यावरून विद्यार्थी आणि खासदार हमरीतुमरीवर आले, आणि अखेर 1937 मध्ये विद्यापीठ मुख्यतः फिनिश झालं. 1939 च्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्य चालून आलं तेव्हा हा वाद आपोआप मागे पडला.

एक आकडा इथे लक्षात ठेवावा असा आहे. 1880 मध्ये स्वीडिशभाषक 14 टक्क्यांच्या थोडे वर होते. माणसं मोजली तर तेव्हाही ती तीन लाखांहून थोडी कमी आणि आजही तेवढीच. म्हणजे हा समाज संख्येने आहे तिथेच आहे, भोवतालचा देश वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी स्वीडनला गेलेल्यांत स्वीडिशभाषकांचं प्रमाण मोठं होतं, हेही त्याचं एक कारण. दुसरीकडे त्या समाजाचं देशातलं स्थान नुसत्या संख्येत मावत नाही. संगीतकार सिबेलियस आणि सेनानी मानरहाइम यांची मायबोली स्वीडिश होती, लेखिका तोवे यान्सनने मुमिनच्या गोष्टी स्वीडिशमध्ये लिहिल्या, आणि राष्ट्रगीत म्हणून गायली जाणारी रूनेबर्ग यांची कविता मूळ स्वीडिश आहे.

सक्ती शाळेत कधी आली

आजची सक्ती ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. त्याआधी फिनलंडमधल्या शाळा दोन रुळांवर चालत. साधारण अकराव्या वर्षी मुलांची वाटणी होई. निवडलेली मुलं विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत जात आणि तिथे दुसरी देशी भाषा सक्तीची असे. बाकीची मुलं लोकशाळेत राहत, तिथे स्वीडिश नव्हती. 1968 च्या कायद्याने हे दोन रूळ एक केले. सर्व मुलांसाठी नऊ वर्षांची समान शाळा आली आणि 1972 ते 1977 या काळात उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात होऊन शेवटी राजधानीच्या परिसरापर्यंत पोहोचली.

एकच शाळा झाल्यावर प्रश्न आला की भाषा किती शिकवायच्या. सुतारकामाकडे जाणाऱ्या मुलालाही दोन परक्या भाषा हव्यात का? नकोत, तर स्वीडिशचं काय? बऱ्याच वाटाघाटींनंतर एक परकी भाषा आणि दुसरी राष्ट्रीय भाषा अशा दोन्ही सर्वांना लागू झाल्या. विरोधक या निर्णयाला राजकीय सौदा म्हणतात, तर समर्थकांच्या मते समान शाळेच्या तत्त्वातून हे ओघानेच येतं. पूर्वी निवडक मुलांना जे मिळे ते आता सगळ्यांना मिळालं. खरं तर दोन्ही वर्णनं एकाच वेळी बरोबर असू शकतात. शिक्षणातल्या बहुतेक मोठ्या सुधारणा कुणाच्या तरी मतांच्या गरजेतूनच पार पडतात.

त्यानंतरचा मोठा बदल 2004 मध्ये झाला. उच्च माध्यमिकच्या शेवटी होणाऱ्या मॅट्रिक परीक्षेत दुसऱ्या राष्ट्रीय भाषेचा पेपर तोवर सर्वांना देणं भाग होतं. तो 2005 च्या वसंतातल्या परीक्षेपासून ऐच्छिक झाला. विषय शिकायचा पण परीक्षा द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, अशी ही व्यवस्था. परिणाम लवकरच दिसला. स्वीडिशचा पेपर देणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घसरत गेली, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त. 2020 पासून विद्यापीठातले बरेचसे प्रवेश मॅट्रिकच्या गुणांवर होऊ लागले आणि त्या गुणपद्धतीत उच्च गणिताला सर्वाधिक वजन मिळालं, तेव्हा मोकळा राहिलेला वेळ कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

2013 मध्ये सक्ती काढण्यासाठी नागरिकांचा प्रस्ताव आला. फिनलंडमध्ये 50 हजार सह्या जमल्या की असा प्रस्ताव संसदेत मांडता येतो, आणि त्या जमल्या. मार्च 2015 मध्ये संसदेने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. मात्र त्याबरोबर काही भागांत स्वीडिशऐवजी दुसरी भाषा निवडू देण्याचा प्रयोग करून पाहावा, अशी सूचनाही थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाली. पुढच्या सरकारने तो कार्यक्रमात घेतला, पण प्रयोग प्रत्यक्षात उतरला नाही. तोवर 2016 मध्ये उलट दिशेचा एक बदल होऊन गेला होता. सातवीत सुरू होणारी स्वीडिश सहावीत आली. गंमत अशी की एकूण तासिका वाढल्या नाहीत. वरच्या वर्गांतल्या दोन खाली सरकल्या, एवढंच.

सक्ती राहावी असं म्हणणाऱ्यांची बाजू

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा कायद्यातून येतो. 2000 पासून लागू असलेल्या संविधानाच्या 17व्या कलमानुसार न्यायालयात आणि सरकारी कचेरीत आपल्या भाषेत, फिनिश किंवा स्वीडिशमध्ये, काम करून घेण्याचा नागरिकाला हक्क आहे. ज्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक 8 टक्के किंवा 3,000 असतील ती द्विभाषक ठरते. तिथे रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत लागतात, बहुसंख्यांची भाषा वर आणि दुसरी खाली. त्यामुळे किनाऱ्याने प्रवास करताना गाव बदललं की पाटीवरचा क्रमही बदलतो. आपल्याकडे बेळगाव-कारवारच्या सीमाभागातले मराठीभाषक सरकारी कागदपत्रं मराठीत मिळावीत म्हणून 15 टक्क्यांच्या निकषाचा आधार घेत आले आहेत. उंबरठा कितीचा आणि तो पाळायचा कुणी, हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

कारण उंबरठा ओलांडल्यावर कचेरीत खिडकीपलीकडे माणूस लागतो. पोलीस, परिचारिका, तलाठ्याच्या जागचा कर्मचारी, आणीबाणीचा फोन उचलणारा. हे सगळे पाच टक्क्यांतून येऊ शकत नाहीत. म्हणून उच्च शिक्षणाच्या पदवीसाठी दुसऱ्या राष्ट्रीय भाषेचं ज्ञान सिद्ध करावं लागतं आणि पदवी लागणाऱ्या सरकारी नोकऱ्यांत ते ग्राह्य धरलं जातं. शाळेतली स्वीडिश ही या साखळीची पहिली कडी. ती काढली तर पदवीच्या टप्प्यावर शून्यापासून शिकवावं लागेल, असं समर्थक म्हणतात. आणि इथे ते आरोग्याचं उदाहरण देतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची नंतर शिकलेली भाषा आधी जाते, उरते ती आईची. अशा माणसाशी बोलणारी परिचारिका हवी की नको? 2016 मध्ये तातडीच्या रुग्णसेवेच्या फेररचनेत द्विभाषक वासाऐवजी जवळपास पूर्ण फिनिश असलेल्या सेइनायोकीच्या रुग्णालयाला मोठा दर्जा द्यायचं ठरलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या स्वीडिशभाषकांनी जो आवाज उठवला त्यामागे हीच धास्ती होती.

दुसरा मुद्दा समतेचा आहे, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. विषय ऐच्छिक झाला तर तो कोण घेईल? शहरातल्या, शिकलेल्या आईबापांची मुलं. खेड्यातला, कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा तेराव्या वर्षी स्वीडिश सोडेल आणि विसाव्या वर्षी त्याला कळेल की आपण सोडलेल्या विषयाने काही नोकऱ्यांची दारं लावून घेतली. समान शाळा आणली ती नेमकी अशी वाटणी टाळण्यासाठी.

बाकीचे मुद्दे थोडक्यात सांगता येतील. स्वीडन हा मोठा व्यापारी भागीदार आणि शेजारी. नॉर्डिक देशांच्या सहकार्यात स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश हाच बोलण्याचा धागा. 2023 मध्ये फिनलंड आणि 2024 मध्ये स्वीडन नाटोत गेल्यावर लष्करी सहकार्याचा मुद्दाही त्यात जोडला गेला. शिवाय एकोणिसाव्या शतकापर्यंतचे देशाचे दप्तर बहुतांश स्वीडिशमध्ये आहे. 1906 मध्ये स्थापन झालेला स्वीडिश पीपल्स पार्टी हा छोटा पक्ष ही बाजू राजकारणात लावून धरतो, आणि दशकानुदशकं बहुतेक आघाडी सरकारांत असल्याने त्याचं वजन मतांहून अधिक राहिलं आहे.

ऐच्छिक करा असं म्हणणाऱ्यांची बाजू

विरोधकांत फिन्स पार्टी हा राष्ट्रवादी पक्ष आणि 1906 मध्येच निघालेली फिनिश अलायन्स ही संघटना ठळक असली, तरी मतभेद बहुतेक पक्षांच्या आतही आहेत. हा विरोध स्वीडिशद्वेषातून येतो असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. जनमत पाहण्यांत एक वरवर विसंगत चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. बरेच लोक स्वीडिश हा देशाच्या जडणघडणीचा महत्त्वाचा भाग मानतात, आणि त्यांच्यापैकीच अनेक जण शाळेतली सक्ती नको म्हणतात. नेमका प्रश्न कसा विचारला यावर आकडा हलतो.

त्यांचा पहिला मुद्दा भूगोलाचा. हेलसिंकीत ट्रामच्या थांब्याचं नाव दोन भाषांत ऐकू येतं, पण पूर्वेकडच्या योएन्सू किंवा कुओपिओत वाढणाऱ्या मुलाला दुधाच्या खोक्यावरच्या छपाईपलीकडे स्वीडिश कुठे भेटते? त्या भागाला जवळ आहे ती रशियाची सीमा. 2010 च्या आसपास पूर्वेकडच्या काही नगरपालिकांनी मागणी केली होती की आमच्या मुलांना स्वीडिशऐवजी रशियन घेऊ द्या. पर्यटक येत होते, दुकानांत रशियन बोलणारे विक्रेते हवे होते. मागणी मान्य झाली नाही. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर आणि 2023 च्या अखेरीस सीमेवरची नाकी बंद झाल्यावर त्या मागणीतला जोर ओसरला. मूळ तर्क मात्र शिल्लक आहे. देशभर एकच दुसरी भाषा का?

दुसरा मुद्दा जागा अडण्याचा. मुलाच्या आठवड्यात तासिका मोजक्याच. इंग्रजी बहुतेक जण घेतातच आणि दुसरी जागा स्वीडिशने घेतली की जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश तिसऱ्या क्रमांकावर ऐच्छिक म्हणून उरतात. एकेकाळी फिनलंडमध्ये जर्मनचा दबदबा होता. आता तो राहिलेला नाही. याला समर्थकांचं उत्तर असं की सक्ती काढली तरी ती जागा जर्मन घेणार नाही, कुणीच घेणार नाही. 2005 नंतरच्या मॅट्रिकमध्ये हेच दिसलं.

तिसरा मुद्दा सेवेच्या हमीबद्दलचा, आणि तो समर्थकांच्या सर्वांत भक्कम जागेवरच बोट ठेवतो. सगळ्यांना थोडी थोडी स्वीडिश शिकवून खिडकीपलीकडे स्वीडिश बोलणारा माणूस मिळतो का? की मोजक्या लोकांना नीट शिकवून, त्यांना भाषेसाठी जादा पगार देऊन, जिथे गरज आहे तिथे नेमणं जास्त उपयोगाचं? द्विभाषक गावांतसुद्धा स्वीडिशमध्ये सुरू केलेलं बोलणं फिनिशवर घसरतं, अशी स्वीडिशभाषकांची जुनी तक्रार आहे. विरोधक म्हणतात, पन्नास वर्षांच्या सक्तीनंतरही तक्रार तीच असेल, तर उपाय चुकतोय.

दुसऱ्या तीरावरून

हा वाद बहुधा फिनिश शाळांपुरताच मांडला जातो. पण स्वीडिश माध्यमाच्या शाळांतल्या मुलांनाही फिनिश सक्तीची आहे आणि ती बरीच आधी सुरू होते. त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. कारण सरळ आहे, फिनिशशिवाय किनाऱ्यापलीकडे पान हलत नाही. सैन्यात ड्राग्सविकच्या नौदल ब्रिगेडमध्ये शिक्षण स्वीडिशमधून होतं, पण देशभर हुकुमाची भाषा फिनिशच. घरी एक पालक फिनिश आणि एक स्वीडिश असलेल्या मुलांसाठी या शाळांत मातृभाषेच्या अंगाने जाणारा फिनिशचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. दोन भाषांच्या घरांतले पालक आता बहुधा मुलाला स्वीडिश शाळेत घालतात, कारण फिनिश कुठूनही येईल असा त्यांचा भरवसा असतो.

अपवाद ऑलँडचा. 1921 मध्ये राष्ट्रसंघाच्या निर्णयाने स्वायत्त झालेली ही बेटं एकभाषक, स्वीडिश आहेत. तिथल्या शाळांत इंग्रजी सक्तीची आणि फिनिश ऐच्छिक. तिथली बरीच मुलं पुढे स्वीडनमध्येच शिकायला जातात. विरोधक ऑलँडकडे बोट दाखवून विचारतात की त्यांना मोकळीक, मग आम्हाला का नाही. त्याला दिलं जाणारं उत्तर, की ती आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेली वेगळी व्यवस्था आहे, कायद्याच्या दृष्टीने पुरेसं आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने आहे की नाही, ते सांगवत नाही.

शिकवलेलं किती उरतं

वादात सर्वांत कमी बोललं जातं ते वर्गात काय होतं याबद्दल, म्हणून तिथे थोडं थांबू. फिनिश मुलाला स्वीडिश का जड जाते? फिनिशमध्ये शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘घर’ला ‘तालो’ म्हणतात, ‘घरात’ला ‘तालोस्सा’, ‘घरातून’ला ‘तालोस्ता’. मराठी माणसाला हे सरावाचं वाटेल. लिंगभेद नाही, नामाआधी लावायचा उपपदासारखा शब्द नाही. स्वीडिशमध्ये ‘घरात’ म्हणायला घराआधी स्वतंत्र शब्द लागतो, प्रत्येक नामाचं ‘एन’ की ‘एत’ पाठ करावं लागतं, आणि वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. इंग्रजी आधी आलेली असल्याने ओळखीचे शब्द बरेच सापडतात. पण त्याचमुळे मूल मधेच इंग्रजीवर उडी मारतं, आणि समोरचा स्वीडिशभाषकही इंग्रजीत उत्तर देतो. सरावाची संधी तिथेच संपते.

आठवड्याला दोन तासिकांचा हा प्रकार कुठवर नेतो, याची दुसऱ्या टोकाची तुलना देशातच उपलब्ध आहे. 1987 मध्ये वासात ‘भाषास्नान’ सुरू झालं. फिनिश घरांतली मुलं बालवाडीपासून अशा वर्गात जातात जिथे शिक्षिका फक्त स्वीडिश बोलते. गणित, चित्रकला, डबा खाणं, भांडणं सोडवणं, सगळं त्याच भाषेत. पुढच्या इयत्तांत फिनिशचा वाटा वाढत निम्म्यावर येतो. हा नमुना कॅनडातून आला. 1965 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांनी मॅकगिल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या साथीने मुलांसाठी पूर्ण फ्रेंच वर्ग उघडायला लावले होते. अशा वर्गांतली मुलं दुसऱ्या भाषेत सहज बोलतात आणि मातृभाषेत मागे पडत नाहीत, हे कॅनडात आणि फिनलंडमध्ये पुष्कळ संशोधनातून दिसलं आहे. अडचण वेगळीच आहे. शिक्षक कमी, जागा कमी, आणि जागा मिळवण्यासाठी रांगेत उभे राहणारे पालक बहुधा आधीच सुस्थितीतले. कॅनडातल्या ऑन्टारियोत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं मुलाला ‘फ्रेंच इमर्शन’मध्ये घालावं का यावर खल करतात, तेव्हा तीही याच रांगेचा भाग असतात. आणि रांग असूनही 2021 च्या जनगणनेत क्वेबेकबाहेर इंग्रजी-फ्रेंच दोन्ही येणारे 10 टक्क्यांहून कमीच निघाले.

आयर्लंडचं उदाहरण सक्तीच्या मर्यादेसाठी दिलं जातं. तिथे आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे. स्वातंत्र्यानंतर ती सर्व शाळांत सक्तीची झाली आणि 1973 पर्यंत तीत नापास होणारा अख्ख्या शालान्त परीक्षेत नापास होई. 2022 च्या जनगणनेत 40 टक्के लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले सुमारे 72 हजार. हे अपयश म्हणायचं की 40 टक्के हेच यश, यावर आयरिश लोकांचंही एकमत नाही. फरक हा की फिनलंडमध्ये पाच टक्क्यांसाठी स्वीडिश रोजची, जिवंत भाषा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं वाचताना 2025 मधला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आणि जूनअखेर त्याची माघार आठवल्याशिवाय राहणार नाही. पण ताडून पाहताना एक फरक ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात वाद होता तो तिसऱ्या भाषेचा आणि ती राज्याची राजभाषा नव्हती. फिनलंडमधला प्रश्न आपल्याच देशातल्या दुसऱ्या समाजाला कायद्याने दिलेल्या शब्दाचा आहे. 2020 मध्ये महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, त्यामागचा विचार फिनलंडच्या अधिक जवळचा म्हणता येईल.

तिसरी बाजू : इंग्रजी आणि नवे भाषक

जुन्या वादात दोन बाजू होत्या. गेल्या वीस वर्षांत तिसरी उभी राहिली आहे. फिनिश आणि स्वीडिश मातृभाषा नसलेले लोक 2014 च्या सुमारास स्वीडिशभाषकांहून जास्त झाले, आणि आता त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे. रशियन, एस्टोनियन, अरबी, सोमाली, युक्रेनियन. इराकमधून आलेल्या कुटुंबातलं मूल घरी अरबी, शाळेत फिनिश ‘दुसरी भाषा’ म्हणून, मग इंग्रजी आणि सहावीत स्वीडिश असं शिकतं. सवलत मागता येते, मिळतेही. पण सवलत घेतली की नोकरीचा तोच दरवाजा पुढे पुन्हा आडवा येतो. समतेचा जो मुद्दा समर्थक मांडतात, तो या मुलांच्या बाबतीत नेमका कोणत्या बाजूला झुकतो हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

2021 मध्ये हेलसिंकीचे महापौर युहाना वार्तियाइनेन यांनी शहराने स्वतःला इंग्रजीतही चालणारं शहर म्हणून जाहीर करावं, अशी कल्पना मांडली तेव्हा भुवया उंचावल्या. पण कंपन्यांत, विद्यापीठांत आणि स्टार्टअपमध्ये ते आधीच घडलं होतं. पहिली परकी भाषा 2020 पासून पहिलीच्याच वर्गात सुरू होते आणि ती बहुतेक ठिकाणी इंग्रजी असते. उत्तरेकडे सामी भाषा बोलणारा छोटा समाज आहे, त्यालाही भाषिक हक्क आहेत, पण सर्व मुलांनी सामी शिकावी असं कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘अल्पसंख्याकांच्या हक्कासाठी बहुसंख्याकांनी भाषा शिकावी’ हे तत्त्व सार्वत्रिक नाही. ते स्वीडिशच्या इतिहासाशी आणि संविधानातल्या दर्जाशी बांधलेलं आहे. समर्थकांनी हे मान्य केलं तर त्यांची बाजू दुबळी होत नाही, उलट स्पष्ट होते.

कुठे अडलं आहे

माझ्या मते हा वाद दोन वेगळे प्रश्न एकाच दाव्यात चालवतो, म्हणून सुटत नाही. पहिला प्रश्न राज्याच्या वचनाचा: स्वीडिशभाषकाला त्याच्या भाषेत सेवा देण्याचं कबूल केलं आहे, ती देणारी माणसं कुठून आणायची? दुसरा मुलाच्या शिक्षणाचा: चार वर्षांत 228 तासिका देऊन त्याला काय यावं? सक्ती राहिली तर पहिल्याचं उत्तर मिळालं असं समर्थक धरून चालतात, आणि सक्ती गेली तर दुसऱ्याचं उत्तर मिळेल असं विरोधकांना वाटतं. तासिका दुप्पट करा, असं दोघांपैकी कुणी ठामपणे म्हणत नाही, कारण त्या कुठल्या विषयातून काढायच्या हे सांगावं लागेल. मोजक्यांना नीट शिकवा या पर्यायातही आकडेमोड कुणी पुरी केलेली दिसत नाही. मोजके म्हणजे किती, कोणत्या गावात, आणि ते तिथे टिकतील कशाने?

लोकसंख्येच्या नोंदवहीचा प्रश्नही तसाच. प्रत्येकाची एकच मातृभाषा नोंदता येते. दोन भाषांत वाढलेलं मूल यातल्या एका रकान्यात जातं. नगरपालिकेचा 8 टक्क्यांचा उंबरठा याच नोंदीवर ठरतो आणि दर दहा वर्षांनी तपासला जातो. दोन भाषा नोंदू दिल्या तर दोन्ही समाजांची बेरीज बदलेल, आणि ती कुणाच्या फायद्याची होईल याचा अंदाज कुणालाच नीट बांधता येत नाही.

राजकारणात तूर्त शांतता आहे. 2023 पासून स्वीडिश पीपल्स पार्टी आणि फिन्स पार्टी एकाच आघाडी सरकारात बसतात, त्यामुळे शाळेतल्या स्वीडिशला हात लावणं दोघांनाही परवडणारं नाही. विषय एक वर्ष आधी सुरू करून फायदा झाला का, हे तरी एव्हाना कळायला हवं होतं. 2016 मध्ये सहावीत स्वीडिश सुरू केलेली पहिली तुकडी 2020 मध्ये नववी संपवून बाहेर पडली आणि तिच्यातल्या उच्च माध्यमिकला गेलेल्या मुलांनी साधारण 2023 मध्ये मॅट्रिक दिली. पण मॅट्रिकचा स्वीडिशचा पेपर ऐच्छिक आहे. ज्यांना आत्मविश्वास असतो तेच तो देतात, म्हणून त्या गुणांवरून अख्ख्या तुकडीला किती आलं हे ठरवता येत नाही.